शाळेचे दार आधी कोणासाठी उघडते?

१

कोरोनाच्या महामारीत शाळा बंद ठेवाव्यात की उघडाव्यात, हा वाद आपल्याकडे जवळजवळ दोन वर्षे चालला. वर्तमानपत्रांत तो झाला, दूरचित्रवाणीवर झाला, मंत्रालयातही झाला. डॉक्टर बोलले, संस्थाचालक बोलले, शहरांतील पालकसंघटना बोलल्या. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरचा कामगार, झोपडपट्टीत राहून चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांचे म्हणणे मात्र त्या वादात फारसे आले नाही. ज्यांची मुले शाळेवाचून सर्वांत अधिक अडली, त्यांचा आवाज सर्वांत कमी ऐकला गेला.

साथ ओसरली म्हणून हा विषय शिळा झाला, असे समजण्याचे कारण नाही. साथी पुन्हा येतात. पुढच्या वेळी निर्णय कसे होतील, हे या वेळच्या निर्णयांचा आपण कोणता अर्थ लावतो यावर बरेचसे अवलंबून राहील. त्यासाठी भावनेपेक्षा तपशिलाची गरज आहे.

एक गोष्ट आरंभीच मान्य केली पाहिजे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद करण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. विषाणू नवा होता, लस नव्हती, मुलांमध्ये हा आजार कसा वागतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाद त्यानंतरचा आहे. शाळा किती काळ बंद राहिल्या, आणि उघडल्या तेव्हा कोणत्या क्रमाने उघडल्या, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले. दुसऱ्या प्रश्नाकडे फारसे कोणी पाहिले नाही. आणि माझ्या मते दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. कारण शाळा कोणाची आहे, हे दार कोणासाठी आधी उघडते यावरून कळते.

२

आधी घटनाक्रम पाहू.

महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० रोजी साथरोग कायदा लागू केला. हा कायदा १८९७ सालचा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीत केलेला. त्यानंतर काही दिवसांतच शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली.

टाळेबंदी सैल होऊ लागली तेव्हा महाराष्ट्रात ५ ऑक्टोबर २०२० पासून उपाहारगृहे आणि मद्यालये निम्म्या क्षमतेने सुरू झाली. ५ नोव्हेंबरला चित्रपटगृहे उघडली. १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. त्यानंतर २३ नोव्हेंबरपासून नववी ते बारावीच्या वर्गांना परवानगी मिळाली. तीही स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर, आणि मुंबईत तर नाहीच. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. पहिली ते चौथीचा विचार होण्याआधीच दुसरी लाट आली आणि सगळेच पुन्हा बंद झाले.

दुसऱ्या लाटेनंतरही क्रम तोच राहिला. १५ जुलै २०२१ पासून ग्रामीण भागातील कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी. ऑगस्टमध्ये अधिक वर्ग उघडण्याचा शासननिर्णय निघाला आणि १७ ऑगस्ट ही तारीखही ठरली. पण कृतिदलाच्या विरोधामुळे तो काही दिवसांतच थांबवण्यात आला. त्याच आठवड्यात, १५ ऑगस्टपासून, उपाहारगृहांना रात्री दहापर्यंत मुभा मिळाली आणि लस घेतलेल्यांसाठी मॉल खुले झाले. ४ ऑक्टोबर २०२१ ला शहरांत आठवी ते बारावी व खेड्यांत पाचवी ते बारावी सुरू झाली. सर्वांत शेवटी १ डिसेंबर २०२१ रोजी पहिली-दुसरीच्या मुलांना दार उघडले. मुंबईच्या मुलांना आणखी दोन आठवडे थांबावे लागले. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा बंदी आली आणि २४ जानेवारीपासून ती टप्प्याटप्प्याने उठली.

या तारखांचा अर्थ एका मुलाच्या आयुष्यात पाहावा. जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीच्या पटावर घातले गेले, ते मूल प्रथम वर्गात बसले तेव्हा कागदोपत्री दुसरीत होते आणि दुसरीचेही निम्मे वर्ष संपलेले होते. अक्षरओळखीचे संपूर्ण वर्ष त्याच्या आयुष्यातून गेले. हे वर्ष घरी भरून काढता आले असते का, हा पुढचा प्रश्न.

३

ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत, पुस्तके आहेत, बसायला स्वतंत्र कोपरा आहे, त्या घरात शाळा बंद झाली तरी शिक्षण पूर्ण थांबत नाही. तेथे शाळा ही शिक्षणाच्या अनेक साधनांपैकी एक असते. ज्या घरात मूल हेच पहिले शिकणारे आहे, तेथे शाळा हे एकमेव साधन असते. तेथे शाळा बंद होणे म्हणजे शिक्षण बंद होणे.

शासनाने यावर ऑनलाइन शिक्षणाचा उपाय सांगितला. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांप्रमाणे देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे आणि शहरी कुटुंबांपैकी ४२ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. ग्रामीण भागात संगणक असलेली घरे शंभरात पाचही नव्हती. पुढे स्मार्टफोन वाढले हे खरे. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यांत अंतर आहे. एकच फोन असतो, तो बापाबरोबर सकाळी कामावर जातो. परत येतो तेव्हा त्यातील पैसे संपलेले असतात. तीन भावंडे असली तर दहावीतल्या मुलाला तो आधी मिळतो, तिसरीतल्या मुलीला शेवटी. म्हणजे सरकारने वर्ग ज्या क्रमाने उघडले, त्याच क्रमाने घरातला फोनही वाटला गेला.

ऑगस्ट २०२१ मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रासह १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील गरीब वस्त्यांत सुमारे १४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले अवघी ८ टक्के निघाली. ३७ टक्के मुले काहीच शिकत नव्हती. ग्रामीण दलित-आदिवासी मुलांपुरते पाहिले तर नियमित ऑनलाइन शिकणाऱ्यांचे प्रमाण ४ टक्के होते. इतर ग्रामीण मुलांत ते १५ टक्के होते. वस्ती गरीब, गाव तेच, तरीही जातीप्रमाणे चौपटीचा फरक पडतो. गरिबी हे एकच कारण सांगून ज्यांना थांबायचे असते, त्यांनी हा आकडा पाहावा.

याच पाहणीत ग्रामीण दलित-आदिवासी पालकांपैकी ९८ टक्क्यांनी शाळा लवकरात लवकर उघडाव्यात असे सांगितले. महाराष्ट्रातही राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जुलै २०२१ मध्ये घेतलेल्या पाहणीत ८१ टक्के लोकांनी शाळा उघडण्याच्या बाजूने मत दिले. ती पाहणीसुद्धा ऑनलाइनच होती. ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांना मत विचारलेच गेले नाही. पालकांना भीती वाटते म्हणून शाळा बंद आहेत असे जेव्हा सांगितले जात होते, तेव्हा ‘पालक’ या शब्दात कोण धरले होते, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

४

आता आजाराच्या बाजूने पाहू. शाळा उघडा म्हणणाऱ्यांना मुलांच्या जिवाची पर्वा नाही, असा आक्षेप त्या काळात घेतला जात असे. त्याचे उत्तर विज्ञानाच्या आधारेच दिले पाहिजे.

हा विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो. बाधित माणूस बोलतो, खोकतो, श्वास सोडतो तेव्हा सूक्ष्म कण हवेत जातात. बंद खोलीत ते साठून राहतात, वाहत्या हवेत विरतात. म्हणून धोका ठरतो तो जागा किती कोंदट आहे, माणसे किती दाटीने आणि किती वेळ बसली आहेत यावरून. फरशा पुन्हापुन्हा पुसणे, बाके औषधाने फवारणे यापेक्षा समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असणे अधिक उपयोगाचे.

या कसोटीवर गरीब वस्तीतले घर आणि शाळा यांची तुलना करावी. जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला. इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. तेव्हा शहरात एकही शाळा उघडी नव्हती. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे आणि सर्वांना मिळून सार्वजनिक शौचकूप, अशा ठिकाणी ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ या उपदेशाला अर्थ उरत नाही. घरी बसून सुरक्षित राहायला आधी तसे घर लागते.

जून-जुलै २०२१ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशव्यापी चौथी पाहणी केली. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांच्या आणि दहा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. संपूर्ण पाहणीचे प्रमाण सुमारे ६८ टक्के होते. सव्वा वर्ष शाळा बंद ठेवूनही मुले संसर्गापासून दूर राहिली नव्हती. त्याच सुमारास परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी, शाळा उघडायच्या तर प्राथमिक शाळा आधी उघडणे शहाणपणाचे ठरेल, असे जाहीरपणे सांगितले. लहान मुलांना गंभीर आजार होण्याचा संभव फार कमी असतो, हा त्यामागचा आधार होता. स्वीडनने प्राथमिक शाळा २०२० च्या वसंतातही चालू ठेवल्या होत्या. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला शाळा उघडायला सुरुवात केली ती लहान मुलांपासून.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. त्याची कारणे सांगितली गेली ती अशी: मोठी मुले मुखपट्टी नीट वापरतात, त्यांची परीक्षा जवळ आली आहे, आणि लहान मुलांना लस नाही. यांतील पहिले कारण काही अंशी खरे आहे. तिसरे कारण तपासण्यासारखे आहे. पंधरा ते अठरा वयोगटाला लस सुरू झाली ३ जानेवारी २०२२ ला, बारा ते चौदा वयोगटाला १६ मार्च २०२२ ला. बारा वर्षांखालील मुलांचे सार्वत्रिक लसीकरण आपल्याकडे झालेच नाही. लसीची अट खरोखर पाळली असती तर चौथीपर्यंतची शाळा कधी उघडलीच नसती. खरी गरज होती ती शिक्षकांना, स्वयंपाक करणाऱ्या बायांना आणि घरातल्या वृद्धांना आधी लस देण्याची, कारण धोका त्यांना होता.

राहिले परीक्षेचे कारण. तेच खरे कारण होते असे मला वाटते. आपल्या शिक्षणव्यवस्थेचे तोंड दहावी-बारावीच्या परीक्षेकडे आहे. तेथपर्यंत जे पोहोचले त्यांची काळजी व्यवस्थेला असते; जे वाटेतच गळतात त्यांचा हिशेब ती ठेवत नाही. आणि शेवटी २०२१ ची ती परीक्षाही रद्दच झाली. अंतर्गत मूल्यमापनावर दहावीचा निकाल लागला ९९.९५ टक्के. ज्या परीक्षेसाठी लहानांना थांबवले, तीही झाली नाही.

५

क्रमाचा हा प्रश्न नवा नाही. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हाच प्रश्न मांडला होता. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या श्रमातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. तेव्हा प्राथमिक शिक्षणावरील खर्च वाढवा, ते निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या त्या काळच्या सिद्धांताला त्यांचा विरोध होता. विद्या झिरपत नाही, ती वरच अडवली जाते, हा त्यांचा अनुभव होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली मुंबई विधिमंडळात शिक्षणखर्चावर बोलताना गळतीचा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात आणि बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहाच्या नजरेस आणले. शाळेत पाऊल टाकलेले मूल कायमचे साक्षर झाल्याखेरीज बाहेर पडता कामा नये, हा त्यांचा आग्रह होता. चार इयत्ता पुऱ्या झाल्या नाहीत तर झालेला खर्चही वाया जातो आणि मूलही वाया जाते. वाचन एकदा पक्के झाले की ते टिकते; अर्धवट राहिले तर पुसले जाते, हे तत्त्व त्यात आहे.

२०२०-२१ मध्ये नेमके हेच घडले. वाचन पक्के होण्याच्या वयातली मुले दीड-पावणेदोन वर्षे वर्गाबाहेर राहिली. झिरपण्याचा सिद्धांत आज कोणी उघडपणे मांडत नाही. पण वरचे वर्ग आधी, खालचे नंतर, हा क्रम ठरवताना तोच सिद्धांत नाव न घेता वापरला गेला.

येथे आणखी एका नावाचे स्मरण केले पाहिजे. साथरोग कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. ज्या बाईने १८४८ पासून मुलींना आणि पुढे महार-मांगांच्या मुलांना शाळेत बसवले, तिनेच साथीत रुग्णांना स्वतःच्या हातांनी उचलले. शाळा आणि आरोग्य ही दोन वेगळी खाती आहेत असे तिने मानले नाही. आपल्या शासनाने एकाला वाचवण्यासाठी दुसरे बंद केले.

तसे पाहिले तर जगात दुसरा मार्गही होता. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या, पण न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी चालू ठेवल्या. न्यूयॉर्कच्या आरोग्याधिकाऱ्यांचे म्हणणे साधे होते. शहरातील लक्षावधी मुले कोंदट चाळींत राहतात. त्यांच्यापेक्षा शाळेची इमारत हवेशीर आहे, आणि तेथे रोज त्यांची तपासणी करता येते. हे शक्य झाले, कारण त्या शहराने आधीच शाळांत डॉक्टर आणि परिचारिका नेमलेल्या होत्या. शाळा उघडी ठेवण्याची तयारी साथ येण्यापूर्वी करावी लागते, हा त्यातला धडा आहे.

६

या काळात एक शब्द आपल्या कानांवर सतत आदळत होता: ‘सामाजिक अंतर’. ज्या समाजाला शतकानुशतके गावकुसाबाहेर अंतरावर ठेवले गेले, त्याला हा शब्द कसा लागला असेल याचा विचार तो रूढ करणाऱ्यांनी केला नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच ‘शारीरिक अंतर’ म्हणावे असे सुचवले. आपल्या फलकांवर मात्र जुनाच शब्द राहिला.

शब्दाइतकाच जागेचाही इतिहास असतो. बाबासाहेबांना वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. कित्येकांचे आजोबा शाळेच्या ओसरीवर, दाराबाहेर बसून शिकले. म्हणून ‘वर्ग बाहेर भरवा’ असे कोणी म्हटले की आपले मन बिथरते, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही साथीच्या काळात ओसरी, झाडाखालचा पार, पटांगण या शाळेतल्या सर्वांत सुरक्षित जागा होत्या. फरक इतकाच की सर्व मुले बाहेर बसली पाहिजेत. काही आत आणि काही बाहेर, असे होता कामा नये.

काही ठिकाणी हे घडलेही. सोलापुरात नीलमनगर या कामगारवस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. पालघरच्या आदिवासी भागात ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. अनेक वस्त्यांतील शिकलेल्या तरुण-तरुणींनी बुद्धविहारात, समाजमंदिरात मुले जमवून पाटी-पुस्तक चालू ठेवले. हे काम मोलाचे आहे. पण त्याचे कौतुक करताना एक सावधगिरी हवी. शासनाचे कर्तव्य वस्तीने पार पाडले, म्हणून शासन त्यातून मुक्त होत नाही. घटनेच्या एकविसाव्या ‘अ’ कलमाने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क दिला आहे. हक्क दात्यांच्या उत्साहावर सोडता येत नाही.

शाळा बंद झाली तेव्हा केवळ धडे बंद झाले नाहीत. दुपारचे शिजवलेले जेवण बंद झाले. सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी स्वतःहून याची दखल घेतली आणि पुढे राज्यांनी तांदूळ-डाळीचा कोरडा शिधा वाटला. शिधा घरी गेला की तो घराच्या भांड्यात जातो. मुलाच्या ताटातले जेवण आणि घरातला शिधा एक नव्हे. वसतिगृहेही बंद झाली, काही तर विलगीकरणासाठी घेतली गेली. खेड्यातून आलेल्या मुलाची खोली, ग्रंथालय आणि अभ्यासाचे सोबती एका सूचनेने गेले. मुलींच्या बाबतीत शाळा ही लग्न लांबवणारी भिंत असते. ती भिंत पडल्यावर काय होते ते मराठवाड्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी मुलांना मागे कोणाजवळ ठेवायचे? शाळा नाही, हंगामी वसतिगृह नाही. मग मूल कोयत्याबरोबर फडात जाते.

७

शाळा उघडल्या तेव्हा काय परत आले, हेही पाहिले पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये अझीम प्रेमजी प्रतिष्ठानाने पाच राज्यांतील सरकारी शाळांत सोळा हजारांवर मुलांची तपासणी केली. आधी येत असलेले भाषेतले निदान एक कौशल्य ९२ टक्के मुले विसरली होती. गणितात हे प्रमाण ८२ टक्के होते. ‘असर’ या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतात तिसरीतील दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ मध्ये हा आकडा २७.१ टक्के झाला, आणि नुकसान भरून निघाले असे म्हटले जाऊ लागले.

या शेवटच्या आकड्याने फसू नये. २०२४ साली तिसरीत असलेले मूल २०२० मध्ये चार वर्षांचे होते. त्याची शाळा बुडालीच नव्हती. २०२० मध्ये जे मूल तिसरीत होते ते २०२४ मध्ये सातवीत होते, आणि जे सातवीत होते ते शाळा सोडून कामाला लागले असेल तर तिसरीच्या कोणत्याही टक्केवारीत ते दिसणार नाही. सावरली ती पुढची पिढी. बुडालेल्या पिढीचा हिशेब अजून बाकी आहे.

त्या पिढीसाठी काय केले गेले? जुलै २०२१ मध्ये ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम काढला, तोही बहुतेक शाळांची दारे बंद असताना. अभ्यासक्रम २५ टक्क्यांनी कमी केला. मुलांना वरच्या वर्गांत घातले. पण दुसरीचे वाचता न येणाऱ्या मुलाला चौथीचे पुस्तक दिले की ते मूल वर्गात बसून वर्गाबाहेर राहते. गुणवत्तेची भाषा करणारे पुढे याच मुलाला ‘कच्चा’ म्हणणार आहेत, आणि त्याचे कारण त्याच्या जातीत शोधणार आहेत. म्हणून हा हिशेब आपण लिहून ठेवला पाहिजे.

आणि शाळा उघडल्यानंतर लगेच दुसरी हालचाल सुरू झाली. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून अधिक शाळांच्या जागी ‘समूह शाळा’ करण्याचा विचार शासनाने मांडला. या शाळा कोठे आहेत? पाड्यांवर, तांड्यांवर, लहान वस्त्यांवर. साथीत बंद केलेले दार पुन्हा उघडावे लागते. पट कमी म्हणून बंद केलेले दार पुन्हा उघडत नाही.

८

यापुढे काय करावे, याबद्दल थोडक्यात.

पहिली गोष्ट, क्रम उलटा झाला पाहिजे. साथीत शाळा बंद करण्याची वेळ आलीच तर पहिली ते चौथीचे वर्ग सर्वांत शेवटी बंद व्हावेत आणि सर्वांत आधी उघडावेत. बाजार, मद्यालये, मॉल यांच्या आधी शाळा, हे नियमात लिहिलेले असावे. १८९७ च्या कायद्यात शाळेचा वेगळा विचार नाही. साथीसाठी जो नवा कायदा होईल त्यात तो असावा.

दुसरी गोष्ट इमारतीची. प्रत्येक जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळेला समोरासमोर खिडक्या, ओसरी, पाणी, वापरता येणारी शौचालये हवीत. ही मागणी साथीची वाट न पाहता आजच करता येते.

तिसरी गोष्ट माणसांची. शिक्षकांना, स्वयंपाकी बायांना लस आधी मिळावी. शाळा उघडण्याच्या दिवसांत शिक्षकाला नाक्यावर आणि घरोघरच्या सर्वेक्षणात जुंपू नये. वसतिगृहे आणि आश्रमशाळा विलगीकरणासाठी शेवटी घ्याव्यात, आधी मंगल कार्यालये घ्यावीत.

चौथी गोष्ट आपल्या हातातली. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. बहुतेक गावांत ही समिती कागदावर असते आणि गावातल्या वजनदार मंडळींच्या खिशात असते. आपल्या कार्यकर्त्यांनी ती ताब्यात घेण्यासारखे दुसरे सोपे काम नाही. शाळा उघडायची की नाही हे विचारले जाईल तेव्हा उत्तर देणारी जागा हीच आहे.

पाचवी गोष्ट विद्यार्थी आणि शिक्षक मित्रांसाठी. २०२० साली आपल्या वस्तीतली कोणती मुले कोणत्या वर्गात होती आणि आज ती कोठे आहेत, याची नावानिशी यादी करावी. जुने हजेरीपट शाळेत असतात. आज ती मुले कोठे आहेत हे वस्तीला ठाऊक असते. कोण कामाला लागले, कोणाचे लग्न झाले, कोण वर्गात आहे पण वाचू शकत नाही, हे कळले की रात्रशाळा, मुक्त विद्यालय, वाचनवर्ग यांची मागणी नेमकी करता येईल. सरकारी आकडे सरासरी सांगतात. सरासरीत आपली मुले दिसत नाहीत. ती यादीत दिसतील. ही यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यापुढे बसावे, आणि प्रत्येक नावापुढे काय करणार ते लिहून मागावे.